चौथ्या लेव्हलला ५०,००० सोन्याची नाणी : टिंगूशेटचं करायचं काय?

मोडका_फासा | शनिवार, रात्री १२.२०

मंडळी, चूक माझी आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे पहिल्या दहा प्रतिसादांत तेच ऐकावं लागणार नाही.

आमचं डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आणि बोलून खेळायचा गोष्टीचा खेळ) दीड वर्ष चालू आहे. पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम, मी डीएम (म्हणजे गोष्ट सांगणारा आणि पंच), खेळाडू चार. पुण्यात माझ्याच घरी, दर शनिवारी संध्याकाळी, डायनिंग टेबलावर. (फ्रिजखाली आत्तापर्यंत सात फासे गेलेत. त्यातले तीन वीसबाजू.) जग माझं स्वतःचं. किनाऱ्याला सात बंदरं, मागे घाट, घाटावर एकमेकांचं तोंड न पाहणारे सरदार. पार्टीत, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत, बिजली नावाची फायटर (लढवय्यी, माझी मावसबहीण खेळते), एक क्लेरिक (देवाचा पुजारी), एक विझार्ड (मांत्रिक) आणि टिंगू नावाचा हाफलिंग 'रोग' (बुटक्या जमातीचा, लपूनछपून वार करणारा चोर). सगळे चौथ्या लेव्हलला.

दोन महिन्यांपूर्वी मला दुर्बुद्धी झाली आणि एका थडग्यात मी डेक ऑफ मेनी थिंग्ज ठेवला. बावीस पानांचा, पुरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ही जादूची गड्डी. किती पानं ओढणार ते आधी बोलायचं, मग ओढायची, आणि जे येईल ते निमूटपणे भोगायचं. क्लेरिकने एक ओढलं, निघालं 'रुइन'. जवळची सगळी मालमत्ता गायब. गरिबाची होतीच किती, ११२ नाणी. ती गेली. विझार्डाने पुढे केलेला हात मागे घेतला. बिजली म्हणाली, "मी पत्ते खेळत नाही." टिंगूने एक ओढलं. 'जेम'. पायाशी पन्नास रत्नं, प्रत्येकी १,००० सोन्याच्या नाण्यांचं.

तोवर चौघांना मिळून एका कामगिरीचे २०० मिळाले तरी हे लोक टाळ्या वाजवायचे.

टिंगू वाईट नाही हो. पहिल्याच आठवड्यात तीन रत्नं मोडली. बिजलीला १,५००चं प्लेट आर्मर घेऊन दिलं, वीस हीलिंग पोशन घेतली, ५०च्या भावाने. सगळ्यांसाठी. आणि मग दहा भाडोत्री शिपाई ठेवले, रोजी २ नाणी माणशी. तिथून माझं बिनसलं. परवा ओगर (धिप्पाड राक्षस) आला. मी दोन आठवडे त्याची गुहा रंगवत होतो. दहा भाल्यांनी तो दुसऱ्या फेरीत आडवा. बिजलीचा एक वार झाला, तोही हुकला.

मग मी उत्साहाने म्हटलं, "ओगरच्या कमरेला पिशवी आहे. आत चाळीस सोन्याची नाणी."

बिजली हातातला फासा टेबलावर फिरवत होती. वर न बघता म्हणाली, "राहू दे. टिंगूशेटच्या पोरांना चहापाण्याला होतील."

सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसू काही बरं नव्हतं. चाळीस नाण्यांची पिशवी कोणी उचललीच नाही, ती अजून ओगरच्या कमरेलाच आहे.

तर, सत्तेचाळीस रत्नं शिल्लक आहेत. ती हिसकावून न घेता खेळ परत जागेवर कसा आणू?

---

गोष्टीवेल्हाळ | रविवार, सकाळी ७.५५

पहिलं आणि महत्त्वाचं. चोर घालू नका.

मी घातला होता. आमच्याकडे एका बार्डला (गाणाऱ्या पात्राला) वारसाहक्काने बरंच मिळालं होतं, तर मी सराईत रात्री चोर सोडला. फासे-बिसे काही नाही, सकाळी उठला तर पेटी रिकामी. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. प्रश्न तिथून सुरू झाला. त्या खेळाडूने पुढचे पाच महिने कुठल्याही सराईत मुक्काम केला नाही. रोज रात्री दाराला घंटी, खिडकीला दोरा, उंबऱ्यावर पीठ. दर सेशनला वीस मिनिटं यात जायची. एका म्हातारीने प्रेमाने घरी जेवायला बोलावलं तर हा तिच्या माजघराची झडती घेतोय. दिलेलं काढून घेतलं की खेळाडू तुमच्या जगावर विश्वास ठेवायचं बंद करतो, आणि तो विश्वास कुठल्याही खजिन्यात परत मिळत नाही.

ड्रॅगन येऊन रत्नं मागतो, राजा कर लावून अर्धी घेतो, बोट बुडते, ही सगळी त्याच चोराची भावंडं.

---

खवचट_कोपरा | रविवार, सकाळी ८.१०

अवांतर : टिंगूशेटना आगाऊ कर भरायला सांगा. तारीख उलटली असेल तर व्याजासकट. ड्रॅगनपेक्षा जास्त घाबरतील.

---

पाठांतर_पंडित | रविवार, सकाळी १०.३०

मोडकेराव, घाबरू नका. आधी आकडे बघू.

१९७४ला हा खेळ आला तेव्हा सोनं हेच मुख्य अनुभवगुण होतं. एक नाणं बाहेर आणलं की एक गुण. म्हणजे श्रीमंत होणं आणि लेव्हल चढणं ही एकच गोष्ट होती. पुढे १९७९च्या डीएमच्या पुस्तकात गॅरी गायगॅक्सने (या खेळाच्या जनकांपैकी एक) ते सोनं परत शोषून घ्यायची सोय केली. लेव्हल चढायची तर गुरूकडे प्रशिक्षण, आठवड्याला लेव्हल गुणिले १,५०० नाणी. चौथ्या लेव्हलचा माणूस आठवड्याला ६,००० मोजणार. म्हणून तेव्हाचे हिरो गुहेत एवढे तडफडत जायचे.

तिसऱ्या आवृत्तीत (२०००) चक्क तक्ता होता, कुठल्या लेव्हलला माणसाकडे एकूण किती मालमत्ता असावी याचा. चौथीला ५,४००. दहावीला ४९,०००. तुमचा टिंगू त्या हिशेबाने चौथ्या लेव्हलचं अंग घेऊन दहाव्या लेव्हलच्या तिजोरीवर बसलाय. त्या आवृत्तीत हा मोठाच घोटाळा झाला असता, कारण जादूच्या वस्तू तिथे यादीतल्या भावाने सरळ विकत मिळायच्या.

पाचवीत तसं नाही. नियमपुस्तकातलं सगळ्यात महाग चिलखत १,५००चं, ते तुम्ही घेऊन झालात. त्यापुढे सोन्याने अंगावरचे आकडे वाढत नाहीत. दुर्मिळ वस्तूची किंमत ५०१ ते ५,००० अशी ढोबळ दिलेली आहे खरी, पण ती विकत मिळावी की नाही हे पूर्ण डीएमच्या हातात. २०१७च्या पुरवणीप्रमाणे तर विकणारा शोधण्यातच एक आठवडा आणि कमीत कमी १०० नाणी जातात, वर पर्सुएशनचा (मन वळवण्याचा) फासा. आणि आणून आणून किती आणेल? अट्यूनमेंट (वापरणाऱ्याशी जादूने जोडून घेणं) लागणाऱ्या वस्तू तीनच अंगावर चालतात.

तेव्हा तुमचं दुखणं ५०,००० नाही. तुमचं दुखणं दहा भाले आहे. तेवढंच कापा.

---

मोडका_फासा | रविवार, सकाळी ११.०५

@पाठांतर_पंडित, पटलं. पण २० नाणी रोज म्हणजे काहीच नाही हो त्याला. मी हिशेब केला, उरलेल्या पैशांत साडेसहा वर्षं पोसेल तो त्या दहा जणांना.

---

पाठांतर_पंडित | रविवार, सकाळी ११.२०

पोसू दे की. पण ती माणसं आहेत, टेबलफॅन नाहीत. दिवसाला दोन नाणी घेणारा शिपाई तांड्याचं रक्षण करेल, रात्री पहारा देईल. अंधाऱ्या भुयारात मालकाच्या पुढे कशाला चालेल? डीएमच्या पुस्तकात मनोधैर्याचा ऐच्छिक नियम आहे बघा. मोठा फटका बसला की विस्डमचा (शहाणपणाचा) फासा, लक्ष्य १०. हुकले की पळाले. ओगरच्या एका सोट्याने दोन शिपाई मेले असते तर उरलेल्या आठांची तारांबळ तुम्हीच रंगवून सांगितली असती.

आणि मेलेल्याच्या घरी निरोप कोण नेणार, हेही विचारा त्यांना.

---

बंदरावरची_बाई | रविवार, दुपारी १२.४५

मी रत्नांबद्दल बोलते, कारण तिथे एक गंमत सगळे विसरताहेत.

रत्न म्हणजे रोकड नाही. एक रत्न मोडलं तर हजार नाणी हातात येतात. नियमाप्रमाणे ५० नाण्यांचं वजन एक पाउंड, म्हणजे एक रत्न मोडलं की वीस पाउंडांचं, नऊ किलोचं गाठोडं. पन्नासच्या पन्नास मोडली तर साडेचारशे किलो. टिंगूची स्ट्रेंग्थ किती? ८ असेल तर तो १२० पाउंड उचलतो, म्हणजे ६,००० नाणी, तीही अंगावरचे कपडे काढून. आणि घाटातल्या गावात एक हजार नाणी एकगठ्ठा देणारा आहे कोण? सोनाराकडे तीनशे निघतील, बाकीच्याला तो चिठ्ठी लिहून देईल. ती चिठ्ठी पुढच्या बंदरात त्याच्या मेव्हण्याकडे वटणार. मेव्हणा बंदरात आहे का, त्याचं यांच्याशी पटतं का, एवढ्यावर दोन सेशन निघतात.

दुसरं. १,०००च्या वर्गात पाचू येतो, नीलम येतो, पुष्कराज येतो, ओपल येतो. हिरा येत नाही. हिरा ५,०००च्या वर्गात. आणि तुमचा क्लेरिक पाचव्या लेव्हलला गेला की त्याला रिव्हिव्हिफाय, म्हणजे मेलेल्याला उठवायचा मंत्र, मिळणार. मेल्यानंतर एका मिनिटाच्या आत ३०० नाण्यांचे हिरे लागतात, आणि ते वापरले की संपले. पाचू दाखवून माणूस उठत नाही. टिंगूने सगळी रत्नं हिऱ्यांत बदलून घेतली तर तुमच्या कॅम्पेनमध्ये मरण उरणार नाही, ही खरी धोक्याची जागा आहे. पण हिरे विकणारा सात बंदरांत एकच असेल आणि त्याच्याकडे वर्षाला चारच येत असतील तर? चार हिरे, पार्टीत चार माणसं. मग बघा कसे सांभाळून खेळतात.

---

न्यूजर्सीकर | रविवार, संध्याकाळी ७.३० (आमची सकाळ)

इथे आमचा दर पंधरवड्याचा मराठी ग्रुप आहे, ऑनलाइन. मी मुद्दाम दुसऱ्या खेळाचं उदाहरण देतो. गर्प्समध्ये श्रीमंती हा गुणविशेष आहे आणि त्याला गुण मोजावे लागतात. 'वेल्दी' व्हायचं तर २० गुण, सुरुवातीचा पैसा पाचपट. 'फिल्दी रिच' ५० गुण, शंभरपट. ज्याने ते ५० गुण पैशावर घातले त्याचे तलवारीवर नाहीत. हिशेब पहिल्या दिवशीच मिटतो. कॉल ऑफ कथुलूमध्येही तेच, क्रेडिट रेटिंग हे कौशल्य, त्यात टक्के घातले की ते ग्रंथालयात किंवा बंदुकीत घालता येत नाहीत.

तुमच्या टिंगूने काहीच मोजलेलं नाही. म्हणून न्याय म्हणून बाकी तिघांना त्या तोडीचं काहीतरी द्या. बिजलीला नाव असलेली तलवार, क्लेरिकला देवाचा प्रसाद, विझार्डाला जुना ग्रंथ.

---

पाठांतर_पंडित | रविवार, रात्री ८.००

असहमत. एकाला चुकून जास्त वाढलं म्हणून पंक्तीत सगळ्यांना जास्त वाढायचं? मग राक्षसही जाडे करावे लागतात, आणि दोन महिन्यांनी परत तिथेच. शिवाय 'मोजलं नाही' हे खरं नाही. त्याने पान ओढलं. क्लेरिकनेही ओढलं आणि तो भिकेला लागला. बाकी दोघांनी ओढलं नाही. धोका पत्करणं ही किंमतच आहे.

---

न्यूजर्सीकर | रविवार, रात्री ८.१५

तत्त्वतः बरोबर. पण दर शनिवारी टेबलाशी बसून 'मी पान ओढलं नाही ना' असं स्वतःला समजावत कोण खेळेल? शिवाय क्लेरिकला ११२ नाण्यांत धोका पत्करायला काय जातंय, आणि त्याचं गेलं तर सगळंच गेलं.

---

बखरवाचक | रविवार, रात्री ९.४०

सरदार आहेत म्हणालात ना? एकमेकांचं तोंड न पाहणारे? मग हा धागा इतका लांबलाच कसा.

आपल्याकडे पेशव्यांना 'श्रीमंत' म्हणायचे. थोरल्या बाजीरावांच्या मोहिमा ज्या पैशावर चालायच्या त्यात कर्ज किती होतं हे जरा चाळून बघा. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांचे गुरू, आणि सावकारही. कर्जाने गांजल्याचं, सावकारांनी जीव नको केल्याचं बाजीराव त्यांनाच पत्रांतून लिहितात. नर्मदा ओलांडून जाणारा माणूस, आणि डोक्यावर देणी. कारण फौज आज पोसायची असते आणि खंडणी, चौथाई पुढे कधीतरी हातात येते. मधल्या काळात कोणीतरी रोकड धरून बसलेला लागतो.

तुमचा टिंगू हा तो रोकड धरून बसलेला माणूस आहे. त्याला लुटू नका, त्याच्याकडे मागायला या. पावसाळा संपत आलाय, सरदाराला दसऱ्याला घोडे बाहेर काढायचेत, शिपायांचे चार महिन्यांचे पगार थकलेत. तो स्वतः येणार नाही, कारभाऱ्याला पाठवेल. कारभारी गूळपाणी घेईल, पावसाची चौकशी करेल, आणि निघता निघता म्हणेल की तीस हजारांची नड आहे.

आता द्यायचं, तर परत कसं घेणार? सरदाराच्या दारात हाफलिंग धरणं धरून बसणार का? नाही द्यायचं, तर उद्या त्याच्या मुलखातून जायचंय. आणि दिलं तर दुसऱ्या सरदाराला संध्याकाळपर्यंत कळणार. पैसा टिंगूचा, पण गुंतणार सगळी पार्टी. फेड रोख होणारच नाही. कुठल्यातरी घाटाची जकात लावून देतील, नाहीतर ओसाड गढी. ती गढी राक्षसांनी भरलेली असेल हे मी डीएमला सांगायला नको.

---

बंदरावरची_बाई | रविवार, रात्री ९.५५

+१. गूळपाण्यासाठी आणखी एक +१.

---

दगडी_वाडा | सोमवार, सकाळी ९.१५

मी याच्या उलट सांगेन, किल्ला बांधायला लावा. डीएमच्या पुस्तकात छोट्या किल्ल्याचा खर्च बरोब्बर ५०,००० आहे, बांधकाम ४०० दिवस. आणि बांधून झाल्यावर देखभाल रोज १०० नाणी. रोज! टिंगूशेट वर्षभरात टिंगू होतो की नाही बघा. आमच्या ग्रुपने व्यापारी ठाणं बांधलं होतं, ५,००० आणि ६० दिवस. त्यातून जी गोष्ट निघाली ती दोन वर्षं पुरली. २०२४च्या नव्या पुस्तकात तर पाचव्या लेव्हलपासून प्रत्येकाला स्वतःचं ठाणं मिळायचीच सोय केलीय.

---

गोष्टीवेल्हाळ | सोमवार, सकाळी ९.४०

वाडासाहेब, सगळ्यांना ते झेपत नाही. आमच्याकडे किल्ला बांधला आणि चौथ्या महिन्यात एक खेळाडू एक्सेल घेऊन आला. चुना किती, गवंडी किती. बाकीचे मोबाइलवर. ज्यांना आवडतं त्यांना बेफाट आवडतं, बाकीच्यांचा शनिवार जातो.

---

बिजलीची_सावली | सोमवार, रात्री १०.०५

दादा, मी हा धागा वाचतेय. लिंक तूच ग्रुपवर टाकली होतीस, चुकून. दोन मिनिटांत डिलीट केलीस, पण मी तोवर उघडली होती.

सगळ्यांनी छान छान आकडे दिलेत, पण मला टिंगूच्या पैशाचा राग कधीच आला नव्हता. प्लेट आर्मर मला आवडलं. एसी (शत्रूचा वार लागायला लागणारा आकडा) १८, कोणाला नाही आवडणार? राग कशाचा येतो सांगू? पत्ते निघाल्यापासून तुझ्या जगातला प्रत्येक माणूस टिंगूशीच बोलतो. सराईचा मालक त्याला नमस्कार करतो. कारकून त्याला खुर्ची देतो. शेवटच्या चार सेशनमध्ये माझ्याशी बोललेलं एकमेव पात्र म्हणजे तो तबेल्यातला मुलगा, आणि त्याने विचारलं, "शेटजींचा घोडा कुठला?"

दुसऱ्या लेव्हलला मी घाटातल्या पुलावर एकटी उभी राहिले होते, गाव खाली होईपर्यंत. ३ हिट पॉइंट (म्हणजे जीव) उरले होते. तेव्हा तू म्हणाला होतास की या पुलाची गोष्ट लोक सांगतील. कोणीच सांगत नाहीये दादा. चाळीस नाणी मी त्यामुळे उचलली नाहीत.

आणि टिंगूवाल्याला एकदा विचार तरी. दुकानात शिरलं की घासाघीस त्यालाच करावी लागते म्हणून तो बिचारा शनिवारी टरकून असतो.

---

मोडका_फासा | सोमवार, रात्री १०.५०

वाचलं.

(इथे उत्तर द्यायच्या आधी मी टिंगूवाल्याला फोन केला. त्याचं पहिलं वाक्य, "सॉरी यार, ते पैसे मी परत करू का?" दुसरं वाक्य, "मला लपूनछपून चाकू मारायला आवडतं म्हणून मी रोग घेतला होता. दोन महिन्यांत एकदाही लपलो नाहीये, दहा माणसं घेऊन कुठे लपू?")

म्हणजे ज्याच्या श्रीमंतीचा तोल सांभाळायला मी हा धागा काढला तो माझ्याइतकाच वैतागलेला आहे. आणि मीच सगळ्या जगाला त्याच्या पायाशी बसवलं होतं. बखरवाचक, तुमचा कारभारी उसना घेतोय.

---

पणजीकर | मंगळवार, दुपारी १.३०

मी फक्त वाचत होतो. एक प्रश्न. क्लेरिकच्या ११२ नाण्यांचं काय झालं? त्या गरिबाबद्दल कोणीच बोलत नाही.

---

मोडका_फासा | मंगळवार, दुपारी २.००

@पणजीकर, तो खूश आहे. हातात कटोरा घेऊन गावोगाव फिरतो, म्हणतो देवाने मोह काढून घेतला. त्याचं रोलप्ले सगळ्यात भारी चाललंय. त्याला एक दमडी दिलेली चालणार नाही. विझार्डाला मात्र हवेत. एक मंत्र वहीत उतरवायचा तर मंत्राच्या लेव्हलमागे ५० नाणी लागतात, आणि त्याला टिंगूकडे मागायची लाज वाटते.

---

मोडका_फासा | पुढचा रविवार, सकाळी ९.२०

ज्यांनी सल्ले दिले त्यांच्यासाठी कालचा वृत्तांत. थोडक्यात लिहितो म्हणतो, बघू.

शिपायांचा प्रश्न सुरुवातीलाच सुटला. ओगरच्या गुहेत अजून खाली जायचं होतं. नाईक पुढे आला आणि म्हणाला, "शेट, बोली रस्त्याची झाली होती. जमिनीखालची नाही." टिंगूवाल्याने एक क्षणही न घालवता सगळ्यांना महिन्याचे पैसे देऊन मोकळं केलं. घासाघीस नाही. मला वाटतं त्याला हायसं वाटलं. नंतर भुयारात तो पहिल्यांदा अंधारात सरकला, मागून वार केला, आणि जिंकल्यासारखा खुर्चीतून उठला.

मग गाव, आणि गावात कारभारी. गूळपाणी झालं. पाऊस झाला. मी वाटीत खरंच गुळाचा खडा ठेवला होता, तो विझार्डाने खाऊन टाकला. निघता निघता कारभारी म्हणाला, "धन्यांना तीस हजारांची नड आहे."

टिंगूवाला माझ्याकडे बघायला लागला, तो नेहमीचा 'आता मला बोलावं लागणार' चेहरा. त्याने विचारलं, "तारण काय?"

मी कारभाऱ्याला टिंगूकडे बघूच दिलं नाही. तो वळला बिजलीकडे. म्हणाला, "तारणाचं नंतर. आम्हालाही खात्री हवी. हे शेट आज आम्हाला पैसे देतील आणि उद्या आमचा कागद पलीकडच्या सरदाराला विकतील. त्यांना आम्ही ओळखत नाही. बाई, तुम्हाला ओळखतो. घाटातल्या पुलावर होतात ना तुम्ही? माझी बहीण त्या गावात दिलीय. जामीन तुम्ही राहत असाल तर धनी सही करतील. नाहीतर आमचं आम्ही बघू."

टेबलावर कोणी बोलेना. बिजली फासा फिरवायची थांबली. मग तिने जे काही केलं त्याला मी पाऊण तास फासा मागितला नाही. तीस रत्नं दिली. त्यातली दोन विझार्डाच्या गुरूच्या मठाला, जुने ग्रंथ उतरवून घ्यायच्या हक्कासह, हे तिने कागदात घालायला लावलं. फेड म्हणून घाटाची जकात तीन वर्षं. सरदार चुकला तर जबाबदारी तिच्यावर, आणि सरदार चुकणार आहे हे मला आणि तुम्हाला माहीत आहे. ओसाड गढीही मी पुढे सरकवली होती. तिने कारभाऱ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाली, "आत काय आहे ते आधी सांगा." मी अजून सांगितलेलं नाही.

टिंगूकडे आता सतरा रत्नं आहेत. अजूनही श्रीमंत आहे. पण काल कोणी त्याला शेट म्हटलं नाही, आणि त्याच्याही लक्षात आलं नसावं.

फासे गोळा करताना बिजली म्हणाली, "दादा, त्या ओगरच्या कमरेला चाळीस होती ना? जाताना घेऊन जाऊ." मी म्हटलं, तीन दिवस झाले, कोणीतरी नेली असतील. म्हणाली, "मग कोणी नेली ते शोधू."

---

खवचट_कोपरा | रविवार, सकाळी ९.३५

कागदाची नक्कल कोणाकडे आहे? नंतर बोंब नको.

---

बिजलीची_सावली | रविवार, सकाळी ११.१०

माझ्याकडे. व्याज शेकडा २, दरमहा. दादाने वार्षिक समजून मान डोलावलीय.